रायगडावरील जगदीश्वराचे देऊळ आणि आमचा जीर्णोद्धार

गेल्या डिसेंबरात आमच्या इतिहास विभागाची सहल रायगडावर गेली. महाड-पोलादपूरच्या मुलांना रायगड काही नवा नाही. महाडहून पाचाड पंचवीस किलोमीटर, आणि शाळेत असताना प्रत्येक जण एकदा तरी गड चढलेला असतो. तेव्हा टकमक टोक, हिरकणी बुरूज आणि डबा खाल्ल्याची जागा एवढेच लक्षात राहते. या खेपेस मात्र सरांनी प्रत्येकाला एकेक वास्तू वाटून दिली होती. ती नीट पाहायची, शक्य तेथे मापे घ्यायची आणि परत आल्यावर वर्गात तिच्याविषयी बोलायचे. माझ्या वाट्याला जगदीश्वराचे देऊळ आले. खरे सांगायचे तर मी थोडी हिरमुसले. राजसदर किंवा बाजारपेठ मिळाली असती तर बोलायला पुष्कळ होते. देवळात काय, नमस्कार करायचा आणि बाहेर पडायचे! पण त्याच सुमारास माझ्या आजोळी एका देवळावरून वाद पेटला होता, आणि त्या वादामुळे जगदीश्वराकडे मी जरा निराळ्या नजरेने पाहू लागले. त्या वादाविषयी पुढे सांगेन.

आधी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आज आपण हे देऊळ पाहतो ते मोकळ्या माळावर, एकटे उभे असलेले. पण ते रानातले देऊळ म्हणून बांधलेले नाही. ते एका नगरातले देऊळ होते. इ. स. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळीच्या मोऱ्यांकडून रायरीचा डोंगर घेतला. त्याचाच पुढे रायगड झाला आणि ६ जून १६७४ रोजी, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, तेथे राज्याभिषेक झाला. राजधानी म्हटली की नुसता राजवाडा पुरत नाही. पाण्यासाठी गंगासागर, हत्ती तलाव, कुशावर्त असे तलाव झाले. उंच जोत्यांच्या दुकानांच्या दोन रांगा आणि मधून रुंद रस्ता अशी पेठ झाली. (घोड्यावर बसल्याबसल्या खरेदी करता यावी म्हणून जोती उंच, असे वाटाडे रंगवून सांगतात, आमच्यातल्या कोणालाही ते पटले नाही.) पेठेच्या खालच्या अंगाला, पूर्वेकडच्या उतारावर ब्राह्मणवस्ती होती, आणि तिथून समोर दिसते ते जगदीश्वराचे देऊळ. आपल्या महाडात वीरेश्वराचे देऊळ जसे शहराच्या जगण्यात गुंतलेले आहे, छबिन्याच्या रात्री सारे शहर जसे तिकडे लोटते, तसेच या देवळाचे त्या नगराशी नाते असले पाहिजे. आता नगर गेले आहे. वाडे, कचेऱ्या, दुकाने यांची जोती तेवढी उरली. देऊळ मात्र घुमटासकट उभे आहे. असे का झाले, हाच माझा पहिला प्रश्न होता.

देवळाभोवती दगडी प्राकार आहे. आत अंगण, समोर नंदी; तो भंगलेला आहे. सभामंडपात शिरले की मधोमध जमिनीवर मोठे कासव, गाभाऱ्याच्या भिंतीशी हनुमंताची मूर्ती, आणि आत शिवलिंग. गाभाऱ्यात दुपारीसुद्धा इतका गारवा असतो की चढून आलेल्या माणसाला तेथून हलावेसे वाटत नाही. पूर्वेच्या दरवाजातून बाहेर पडले की थोड्याच अंतरावर अष्टकोनी चौथऱ्यावरची महाराजांची समाधी. ३ एप्रिल १६८० रोजी महाराज गेले. ज्या देवळासाठी त्यांनी सिंहासनावरून आज्ञा दिली, त्याच्याच दारात त्यांची अखेरची जागा झाली.

आज्ञेचे हे मी मनाने लिहीत नाही. दरवाजाच्या उजव्या हाताच्या भिंतीत एक शिलालेख बसवलेला आहे. गणपतीला नमन करून तो सुरू होतो. संस्कृतात असल्यामुळे सरांनीच आम्हांला तो उलगडून दिला. जगदीश्वराचा हा प्रासाद छत्रपती शिवाजी राजांच्या आज्ञेने उभारला, त्याबरोबर विहिरी, तलाव, बागा, रस्ते, स्तंभ, हत्तींच्या शाळा आणि आभाळाला भिडणारे राजवाडे रायगडावर हिराजीने निर्माण केले, आणि चंद्रसूर्य असेतो हे सारे नांदो, असा त्याचा आशय आहे. शक १५९६, आनंद संवत्सर, म्हणजे राज्याभिषेकाचेच वर्ष. हा लेख वाचून झाल्यावर आम्ही मागे वळून पाहिले. विहिरी, तलाव आहेत. आभाळाला भिडणारे राजवाडे नाहीत. चंद्रसूर्यांच्या हवाली केलेल्या त्या लांबलचक यादीतली डोक्यावरच्या छतासह उभी असलेली ठळक वास्तू म्हणजे ज्याच्या भिंतीत तो लेख आहे तेच देऊळ!

दुसरा लेख त्याहून लहान, आणि तो भिंतीवर नाही. दरवाजाच्या पायरीखाली आहे. सेवेच्या ठायी तत्पर असलेल्या हिरोजीचे नाव, एवढेच त्यात आहे. आडनाव कोणी इंदुलकर असे वाचतात, कोणी इटळकर. गड बांधून पुरा झाल्यावर महाराजांनी काय हवे ते माग म्हटले, तेव्हा हिरोजीने दुसरे काही न मागता देवळाच्या पायरीवर नाव कोरण्याची परवानगी मागितली, म्हणजे महाराजांची पायधूळ त्यावर पडत राहील, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट म्हणून ती सुंदर आहे. पण गोष्ट बाजूला ठेवली तरी दगडावरचे नाव राहतेच. आपल्या जुन्या देवळांवर बांधवून घेणाऱ्या राजांची आणि सरदारांची नावे सापडतात. हातांनी बांधणाऱ्याचे वा काम पाहणाऱ्याचे नाव फार विरळा. आम्ही गेलो त्या दिवशी कोणी तरी ती अक्षरे पांढऱ्या खडूने गिरवून ठेवली होती, तीही चुकीची. खडू पाण्याने जातो हे खरे, पण एका अक्षराच्या वळणावर आडनाव अडले असताना अशा गिरवण्याने काय होत असेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

आता घुमटाविषयी. या देवळाला आपल्याकडच्या हेमाडपंती देवळांसारखे शिखर नाही, लांबून ते मशिदीसारखे दिसते. याचे कारण म्हणून जी कथा सांगतात ती आमच्या वाटाड्यानेही सांगितली : शत्रूने मशीद समजून हात लावू नये म्हणून मुद्दाम असे बांधले. मला ही कथा पटत नाही. ज्या राजाने नुकताच उघड राज्याभिषेक करून घेतला, तो आपल्या राजधानीत देव लपवून कशाला ठेवील? आणि लपवायचा तर दारात नंदी, मंडपात कासव आणि भिंतीत ठसठशीत संस्कृत लेख ठेवून कोणाची फसवणूक होणार होती? १६८९ मध्ये गड मोगलांच्या हाती गेला आणि १७३३ मध्ये तो मराठ्यांकडे परत आला. मधली चव्वेचाळीस वर्षे तेथे राहणाऱ्या माणसांना हे देऊळ आहे हे समजले नसेल, असे मानायला त्यांना फारच भोळे समजावे लागेल.

खरे उत्तर मला साधे वाटते. त्या काळचे दख्खनचे गवंडी कमानी आणि घुमट बांधण्यात तरबेज होते. दगड आणि चुना यांनी मोठी जागा झाकायची त्यांची ती रीतच होती. पाटबंधारे असो, दर्गा असो वा देऊळ, हात तेच. पुणे जिल्ह्यात यवतजवळचे भुलेश्वर पाहा. खाली यादवकाळातले कोरीव काम आणि वर पुढच्या काळातले चुन्याचे घुमट-मिनार. गोव्यात नार्वे येथे सप्तकोटेश्वराचे देऊळ १६६८ मध्ये महाराजांनीच पुन्हा उभारून दिले. त्यालाही घुमटच आहे. कवळ्याच्या शांतादुर्गेचे देऊळ शाहू छत्रपतींच्या काळातले, आणि त्याचा घुमट पाहून परक्या माणसाला चर्चची आठवण होते. प्रत्येक ठिकाणी देव आपला, विधी आपले, आणि बांधणी त्या त्या मुलखातल्या कारागिरांच्या हातची.

आणि या घुमटानेच देऊळ वाचवले असावे, असा माझा तर्क आहे. १८१८ च्या मे महिन्यात कर्नल प्रॉथरच्या फौजेने समोरच्या डोंगरावरून गडावर तोफा डागल्या. आगी लागल्या, आणि १० मे रोजी गड इंग्रजांच्या ताब्यात गेला. राजवाड्यांची वरची बांधणी लाकडाची होती. ती जळाली. जे जळाले नाही ते पुढे पावसात कुजले. आपल्या भागात चार महिन्यांत शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. छप्पर एकदा गेले की भिंती किती काळ टिकतात हे आपणांस सांगायला नको. देवळाच्या डोक्यावर मात्र जळण्यासारखे वा कुजण्यासारखे काही नव्हते.

तरी नुसत्या घुमटाच्या बळावर ते टिकले, असेही नाही. जेम्स डग्लस नावाच्या इंग्रज लेखकाने १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या मुंबईविषयीच्या पुस्तकात रायगडाची अवस्था लिहून ठेवली. समाधीच्या आवारात रान माजलेले, फरशी फोडून झाड वर आलेले, देऊळ घाण आणि दुर्लक्षित, आणि या राजाच्या समाधीसाठी त्याच्या मुलखातला एकही माणूस एक रुपया द्यायला तयार नाही, असा त्याचा शेरा. परक्याने मारलेला हा शेरा वर्मी लागला. १८९५ मध्ये टिळकांनी 'केसरी'तून हा प्रश्न हाती घेतला, निधी उभा राहू लागला, आणि १८९६ मध्ये गडावर शिवाजी उत्सव झाला. समाधीच्या जीर्णोद्धाराला मात्र विसाव्या शतकाचे तिसरे दशक उजाडावे लागले. त्याही आधी, १८६९ मध्ये, जोतीराव फुल्यांनी महाराजांवरचा पोवाडा छापला होता, हेही येथे नोंदले पाहिजे.

आज गड केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे संरक्षित आहे. १९९६ पासून रोपवे आहे, २०१७ पासून विकास प्राधिकरण आहे, आणि जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नोंद झाली, त्यात रायगड आहे. ६ जूनला आणि चैत्री पौर्णिमेला गडावर मुंगीला वाट मिळत नाही. डग्लसच्या वेळी माणसांनी पाठ फिरवल्याचा धोका होता. आता माणसांच्या दाटीचा आहे. पायरीवरच्या त्या नावाचे काय करावे यावरून आमच्यात परतीच्या वाटेवर वाद झाला. काच बसवावी, असे काहींचे मत. पण कथा खरी मानली तर हिरोजीला पायच हवे होते, काच नको होती! माझे मत विचाराल तर तिला झाकू नये, फक्त खडू, गुलाल, तेल, नाणी यांपासून दूर ठेवावे.

आता आजोळची गोष्ट.

माझे आजोळ पोलादपूर तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी. तेथे ग्रामदेवीचे देऊळ आहे. जाड दगडी भिंती, चुन्याचा गिलावा, सागवानी खांब, वर कौले. त्याला शिलालेख नाही, इतिहासाच्या पुस्तकात नाव नाही. गावातली निम्मी माणसे मुंबईत असतात, आणि तिकडच्या मंडळाने ठरवले आहे की येत्या मे महिन्यात जुने देऊळ पाडून स्लॅबचे नवे बांधायचे. वर्गणीही जमू लागली आहे. पत्रिकेवर शब्द आहे 'जीर्णोद्धार'. आमच्या स्वतःच्या गावात मी सहावीत असताना हेच झाले. आता तेथे चकचकीत टाइल्स आहेत, भिंतींना ऑईलपेंट आहे, मे महिन्यात आत बसवत नाही आणि जुलैत भिंतींना घाम फुटतो. जुन्या देवळाची कोरीव चौकट मी मागल्या वर्षी एका गोठ्यात पाहिली. तिला म्हैस बांधलेली होती.

माझे आजोबा गवंडी होते. आता त्यांना दिसते कमी, पण हाताला भिंत कळते. सहलीहून मी थेट आजोळी गेले आणि जगदीश्वराविषयी सांगितले, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो देवाविषयी नव्हता. "चुना कसा हाय? बोटाला लागतो का?" मी म्हटले, "आबा, मी खरवडून नाही बघितले." ते म्हणाले, "बरं केलंस."

मग त्यांनी मला चुना समजावून सांगितला. पुस्तकात वाचले त्यापेक्षा तो मला तेथे अधिक कळला. चुनखडी वा शिंपले भाजून कळीचा चुना करायचा, तो पाण्यात विरवायचा आणि चांगला मुरू द्यायचा. मग वाळूबरोबर घाण्यात दळायचा. बैल फिरतो, दगडी चाक फिरते आणि चुना लोण्यासारखा होतो. त्यात गुळाचे पाणी, हिरड्याचे पाणी घालायची पद्धत. भिंतीला लावल्यावर तो घाईने वाळू द्यायचा नाही. हवेतला कर्बवायू शोषून घेत तो वर्षानुवर्षे घट्ट होत जातो आणि अखेर पुन्हा चुनखडीच होतो. पण घट्ट झाला तरी त्याला श्वास असतो. पावसात भिंतीने घेतलेले पाणी उन्हाळ्यात तो बाहेर सोडतो. सिमेंट तसे नाही. जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला की पाणी आत अडकते, आतले क्षार फुगतात, आणि गिलावा तसाच राहून मागची जुनी वीट व दगड भुसभुशीत होतो. "वरनं भिंत नवी दिसते, आतनं मेलेली असते," असे आबा म्हणाले. त्यांनी स्वतः अशी कितीतरी कामे केली, कारण सांगणाऱ्याला सिमेंटच हवे असायचे. हेही त्यांनी लपवले नाही.

मंडळाच्या लोकांना मी मूर्ख समजत नाही. त्यांचे म्हणणे दोन गोष्टींवर उभे आहे. पहिली भीती. २२ जुलै २०२१ च्या रात्रीविषयी आपल्या भागात कोणाला सांगावे लागत नाही. महाडात पाणी शिरले, तळीयेवर दरड आली, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथे माणसे गेली. तेव्हापासून जुनी भिंत दिसली की लोकांना धडकी भरते, आणि कॉन्क्रीट म्हटले की धीर येतो. पण तेव्हा डोंगर खाली आला होता. त्याच्यापुढे स्लॅबचे घरही टिकत नाही. देवळाच्या मागचा ओढा साफ ठेवणे, पाण्याला वाट करून देणे, याला वर्गणी लागत नाही म्हणून की काय, त्याविषयी पत्रिकेत अक्षर नाही.

दुसरे म्हणणे असे की आपल्याकडे देवळे नेहमीच नवी करत आले आहेत. पूर्वजांनी केले ते आम्ही केले तर बिघडले कुठे? हे म्हणणे मला अधिक विचारात पाडणारे वाटले. जपानात इसे येथील देवस्थान दर वीस वर्षांनी नव्या लाकडात पुन्हा बांधतात. २०१३ मध्ये ते बासष्टाव्या वेळी बांधले गेले. म्हणजे नवे करण्यात पाप नाही. पण तेथे नवे बांधताना लाकडाची जात, सांधे, मापे, हत्यारे आणि ती चालवणाऱ्या सुतारांची विद्या तीच राहते. बांधताना जुने सुतार नव्यांना शिकवतात. आमच्याकडे देवीचे नाव तेवढे तेच राहते. उलट दिशेने पुरातत्त्व खात्याचा नियम आहे. जॉन मार्शल यांनी १९२३ मध्ये खात्यासाठी लिहिलेल्या मार्गदर्शिकेपासून जोर यावर, की आहे ते सांभाळावे, गेलेले अंदाजाने नव्याने घडवू नये. जगदीश्वराच्या भंगलेल्या नंदीजागी कोणी नवा गुळगुळीत नंदी बसवला तर डोळ्यांना बरे वाटेल. पण मग १६८९ नंतरचे आणि १८१८ नंतरचे आपल्याला कोण सांगणार?

आजोळचे देऊळ या दोहोंच्या मध्ये कुठे तरी बसते. ते संरक्षित नाही. कायदा त्याच्या मदतीला येणार नाही. तेथे रोज दिवा लागतो, शिमग्याला पालखी निघते, लोकांना बसायला जागा हवी असते, दिवे-पंखे हवे असतात. त्याला गोठवून ठेवा असे मी म्हणू शकत नाही. मात्र सप्तकोटेश्वराच्या देवळाची गोवा सरकारने केलेली दुरुस्ती फेब्रुवारी २०२३ मध्ये पुरी झाली, आणि घुमट, दीपमाळ, उतरती कौले यांसह ते देऊळ आज ओळखू येईल असेच उभे आहे. एवढी मोठी वास्तू अशी दुरुस्त होते तर आमच्या चार खांबांच्या देवळाला काय अडचण आहे, एवढेच मला विचारायचे आहे.

दोन दिवस मी आणि आबा त्या देवळात होतो. मी फीत धरली, मापे वहीत घेतली, फोटो काढले. आबा भिंतीवर मुठीने ठोकत फिरले आणि पोकळ आवाज आला तेथे मला खडूने खूण करायला लावली. (होय, खडूनेच, पण लेखावर नव्हे.) त्यांच्या हिशेबाने दोन तुळया आणि एक खांब बदलायचा, कौले उतरवून फुटकी काढायची, मागच्या भिंतीवरचा पूर्वी कोणी तरी केलेला सिमेंटचा पट्टा काढून चुना लावायचा, आणि जोत्याभोवती पाण्याला चर काढायचा. मंडप हवाच असेल तर तो पुढे मोकळ्या जागेत, जुन्या भिंतीला न चिकटवता बांधावा. खर्च नव्या देवळाच्या खर्चापेक्षा पुष्कळच कमी. चुन्याचे काम येणारे हात मिळतील का, हा प्रश्न मी विचारला. आबांनी स्वतःचे हात पुढे केले, मग हसले आणि म्हणाले, "मी बसून सांगंन. करायला पोरं हायत."

शिमग्याला मुंबईकर येतात तेव्हा देवळात बैठक आहे. तेथे बायका मागच्या भिंतीशी बसतात आणि बोलत नाहीत. निदान आजवर बोललेल्या नाहीत. आबा म्हणतात, "मी उठून सांगीन, माझी नात बोलंल म्हणून. मग तू बोल." माझ्याजवळ मापांची वही आहे, तुळयांचा हिशेब आहे, आणि एक फोटो आहे. गाभाऱ्याच्या डाव्या हाताच्या खांबावर, अगदी खाली, जेथे बसल्यावरच नजर जाते तेथे, कोण्या सुताराने पटाशीने एक लहानशी खूण कोरून ठेवली आहे. अक्षर नाही, नुसती खूण. ती कोणाची हे गावात कोणालाच सांगता आले नाही. बदलायचा म्हणून आबांनी सांगितलेला खांब तो नव्हे.